गाईच्या पोटातला चुंबक

(काष्टी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शनिवारी काष्टीच्या बाजारात गाय घ्यायला आलेला माणूस काय काय पाहतो हे मी तुम्हाला सांगायला नको. दात पाहतो, कास पाहतो, दुधाची शीर पाहतो, चारही सड पिळून पाहतो, गाय चालवून पाहतो. वेत कितवे, गाभण किती महिन्यांची, हे विचारतो. पण तिच्या जाळीपोटात काय पडले आहे ते त्याला दिसत नाही आणि विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. तिथे दोन इंच तार असू शकते. पत्र्याचा खिळा असू शकतो. आणि गाय एखाद्या जाणत्या गोठ्यातून आलेली असेल, तर तिथे धातूची एक गुळगुळीत कांडी असू शकते, जिने ती तार आणि तो खिळा धरून ठेवलेला आहे. त्या कांडीविषयी मी आज बोलणार आहे. ती ज्या मिश्रधातूची असते त्याला अल्निको म्हणतात.

मी धातुशास्त्राचा माणूस. जनावराचे तुम्हाला जास्त कळते, तरी सुरुवात जनावरापासूनच करतो, कारण त्याशिवाय हा धातू असा का घडवला आहे ते उलगडत नाही.

शेळी ओठांनी पान निवडून खाते. गाय तसे करत नाही. ती जिभेचा विळखा घालून घास ओढते आणि फारसे न चावता गिळते. रवंथ नंतर करायचाच असतो. पण रवंथासाठी चारा वर येतो, लोखंड येत नाही. ते आधी कोटीपोटात पडो की थेट पुढे जावो, शेवटी जाळीपोटात येऊन थांबते, कारण चार पोटांपैकी हेच सगळ्यांत पुढे आणि खालच्या बाजूला आहे आणि त्याच्या आतल्या भिंतीवरच्या षटकोनी कप्प्यांत जड वस्तू अडकून राहते. हे पोट साधारण मिनिटाला एकदा आवळते. प्रत्येक आवळण्याबरोबर तारेचे टोक भिंतीत थोडे थोडे रुतत जाते. भिंतीला लागून श्वासपटल आहे आणि त्याच्या पलीकडे चार बोटांवर हृदय. गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वाढलेले गर्भाशय सगळेच पुढे ढकलते, म्हणून त्या काळात आणि विताना धोका वाढतो.

मग गाय एकाएकी दूध आटवते. पाठ वाकवून उभी राहते, पुढच्या पायांची कोपरे बाहेर काढते, उतारावरून उतरताना कण्हते. तार हृदयाच्या आवरणात शिरली की मानेची शीर टम्म फुगते, गळ्याच्या पोळीला आणि छातीखाली पाणी उतरते. तिथून गाय क्वचितच परत येते. एवढी मोठी दुधाळ गाय दोन इंचांच्या तारेने जाते, आणि घरात मात्र नजर लागली की विषबाधा झाली याचीच चर्चा चालते.

ही तार येते कुठून? आपल्याच अंगणातून. घराचे बांधकाम झाल्यावर उरलेली, सळया बांधायची तार. जाळलेल्या टायरमधली तार. द्राक्षबागेच्या मांडवाची तार, गोठ्याच्या पत्र्याचे खिळे, गोणी शिवायची सुई. आपल्या श्रीगोंदा तालुक्यात उसाचे वाढे, मका, कडबा, मुरघास, सगळेच आता कुट्टी होऊन दावणीत पडते. पूर्वी हातभर लांबीची तार वैरणीत दिसली तर माणूस ती उचलून फेकत असे. कडबाकुट्टी त्याच तारेचे दीड-दोन इंचांचे, दोन्ही टोके धारदार असलेले तुकडे करते आणि चाऱ्यात बेमालूम मिसळून टाकते. यंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. कुट्टी नसती तर आजचा दूधधंदा उभाच राहिला नसता. पण यंत्राबरोबर आलेल्या धोक्यावरचा उपायही त्याच वेळी यायला हवा होता, तो पुष्कळ गोठ्यांत अजून आलेला नाही.

तो उपाय म्हणजे ही कांडी. सात-आठ सेंटीमीटर लांब, एक-दीड सेंटीमीटर जाड, टोके गोल केलेली. कालवड वर्षाची झाली की पशुवैद्य नळीने ती घशात सोडतात. ती जाळीपोटात जाऊन बसते आणि गाय असेपर्यंत तिथेच राहते. पुढे गिळलेले लोखंड भिंतीत रुतण्याऐवजी कांडीला चिकटते. पोटाची शस्त्रक्रिया करून काढलेली अशी एक कांडी मी पशुवैद्यांच्या ट्रेमध्ये पाहिली आहे. मधला भाग जवळजवळ मोकळा होता. दोन्ही टोकांना काळ्या पडलेल्या तारांचे तुकडे, दोन खिळे आणि एक अर्धी सुई आडवी, कांडीला घट्ट लागून बसली होती. एकाही तुकड्याचे टोक बाहेर नव्हते.

आता धातूकडे येतो.

अल्निकोचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत जास्त वापरला जाणारा पाचव्या क्रमांकाचा. त्यात वजनाने साधारण ८ टक्के अ‍ॅल्युमिनियम, १४ टक्के निकेल, २४ टक्के कोबाल्ट, ३ टक्के तांबे आणि उरलेले, म्हणजे निम्मे, लोखंड असते. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, तांबेही नाही. तरीही या मिश्रणातून अ‍ॅल्युमिनियम काढून घेतले तर कायमचा चुंबक उरत नाही. लोखंड आणि कोबाल्ट चुंबकत्व देतात. अ‍ॅल्युमिनियम आणि निकेल ते चुंबकत्व जागेवर बांधून ठेवायला लागतात. कसे, ते सांगतो.

चुंबकत्व आणणे अवघड नसते, टिकवणे अवघड असते. मऊ लोखंडाच्या खिळ्यावर चुंबक घासा, तो चुंबक होतो आणि थोड्याच वेळात विसरतो. लोखंडाच्या आत चुंबकत्वाचे लहान लहान प्रदेश असतात, प्रत्येकाची दिशा वेगळी. प्रदेशांच्या सीमा सहज सरकतात, म्हणून मऊ लोखंड सहज चुंबक बनते आणि तितक्याच सहज विसरते. उसाच्या कोयत्याला लोहार पाणी देतो तेव्हा पोलाद कडक होते, आतली रचना ताणली जाते आणि या सीमा अडखळू लागतात. शतकानुशतके जगातले सगळे घडवलेले चुंबक असेच होते, पाणी दिलेल्या पोलादाचे. पण हा अडथळा पुरेसा नव्हता. असा चुंबक आपटला, तापला, नुसता काही वर्षे पडून राहिला तरी दुबळा व्हायचा.

किती उलट चुंबकीय क्षेत्र लावले की चुंबकाचे चुंबकत्व शून्यावर येते, या मापाला निग्राही बल म्हणतात आणि ते ओर्स्टेडमध्ये मोजतात. साध्या पोलादाचे ते पन्नासच्या आसपास. १९१७ साली जपानमध्ये कोतारो होंडा यांनी पोलादात भरपूर कोबाल्ट, टंगस्टन आणि क्रोमियम घालून ते अडीचशेच्या घरात नेले. जगाला वाटले, आता यापुढे काय? १९३१ मध्ये टोकियोच्या विद्यापीठात तोकुशिची मिशिमा लोखंड आणि निकेलच्या एका मिश्रधातूवर काम करत होते. त्यात अ‍ॅल्युमिनियम घातल्यावर त्यांच्या हाती जो धातू आला त्याचे निग्राही बल चारशेच्या आसपास निघाले. त्यात होंडांच्या पोलादाप्रमाणे कार्बनवर मदार नव्हती, पाणी देणे नव्हते. लोहाराच्या शास्त्राने जो मार्ग सांगितला होता, त्याच्या बाहेर जाऊन हा चुंबक सापडला होता. पुढे त्यात कोबाल्ट आणि तांबे मिसळले गेले आणि अल्निको तयार झाला.

दुसरी मोठी पायरी १९३८ ची. इंग्लंडमधले ऑलिव्हर आणि शेडन यांनी दाखवले की हा धातू थंड होत असतानाच त्याच्यावर चुंबकीय क्षेत्र धरले, तर त्या दिशेने तो कितीतरी चांगला चुंबक बनतो. हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत हे तंत्र आणखी पुढे गेले आणि पाचव्या क्रमांकाचा अल्निको याच वाटेने आला.

ओतकामाच्या कारखान्यात हे कसे चालते ते पाहा. धातू भट्टीत वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. तो इतका कडक आणि ठिसूळ असतो की ठोकून आकार देता येत नाही, लेथवर कापता येत नाही, फक्त दगडी चाकावर घासता येतो. तुटलेला तुकडा हातात घेतला तर तुटीच्या जागी डोळ्यांना दिसतील एवढे भरड, चकचकीत कण दिसतात. ओतलेले तुकडे सुमारे १२५० अंशांपर्यंत पुन्हा तापवतात. त्या उष्णतेत पाचही धातू एकजीव असतात. मग ते चुंबकीय क्षेत्रात ठेवून ठरलेल्या वेगाने थंड करतात. साडेआठशे अंशांच्या खाली येता येता हा एकजीव धातू आतल्या आत दोन भागांत फुटू लागतो. एक भाग लोखंड-कोबाल्टचा, जोरदार चुंबकीय. दुसरा निकेल-अ‍ॅल्युमिनियमचा, जवळजवळ अचुंबकीय. पहिल्या भागाच्या अतिसूक्ष्म कांड्या तयार होतात, जाडीला तीस-चाळीस नॅनोमीटर, लांबीला त्याच्या कितीतरी पट. केसाची जाडी यांच्या हजारपटीहून जास्त असते. उसाच्या फडात ऊस एका रेषेत उभे असावेत आणि प्रत्येक दोन उसांमध्ये माती असावी, तशा या कांड्या क्षेत्राच्या दिशेने एकमेकींना समांतर उभ्या राहतात आणि त्यांच्या मध्ये निकेल-अ‍ॅल्युमिनियम असते.

यातली प्रत्येक कांडी इतकी बारीक की तिच्यात दोन प्रदेश आणि त्यांच्यामधली सीमा मावतच नाही. सरकायला सीमाच नाही, तर चुंबकत्व विसरायचे कसे? एकच वाट उरते. अख्ख्या कांडीने एकदम दिशा बदलायची. आणि कांडी लांबट असल्यामुळे तिच्या चुंबकत्वाला लांबीच्याच दिशेने राहणे सोयीचे असते. हे स्टोनर आणि वोलफार्थ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये गणिताने मांडले. एकजीव धातू असा दोन भागांत का आणि कसा फुटतो, हे धातुशास्त्रज्ञ जॉन कान यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नीट समजावले. तोवर हा चुंबक तीस वर्षे जगभर काम करत होता. आधी हाताने सापडले, मग डोक्याने कळले. धातुशास्त्रात असे वारंवार होते आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

एवढ्यावर काम संपत नाही. चुंबक पुढे सहाशे अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवतात. या वेळात दोन भागांमधला फरक आणखी स्पष्ट होतो, कोबाल्ट-लोखंड कांड्यांत गोळा होत राहते आणि मधली जागा आणखी निष्क्रिय होते. हे तास वाचवले तर तोच धातू, तीच टक्केवारी, तोच आकार, आणि चुंबक निम्म्या योग्यतेचा. घटकांची यादी पाहून चुंबकाची किंमत करता येत नाही ती यामुळे.

आता या चुंबकाचे गुण आणि दोष. पाचव्या क्रमांकाच्या अल्निकोत शिल्लक राहणारी चुंबकीय घनता सुमारे १.२८ टेस्ला आहे. आज मोबाइलपासून विजेच्या स्कूटरपर्यंत सगळीकडे असलेल्या निओडिमियम चुंबकाची १.२ ते १.४. म्हणजे या मापात नव्वद वर्षांपूर्वीच्या घराण्यातला हा चुंबक आजच्या पहिलवानाच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. फरक निग्राही बलात आहे. अल्निकोचे सुमारे ६४०, निओडिमियमचे दहा हजारांच्या वर. बाहेरून उलटे क्षेत्र आले की अल्निको लवकर नमतो. स्वतःच्याच दोन ध्रुवांच्या ओढाताणीनेही तो दुबळा होऊ शकतो, म्हणून त्याचे ध्रुव एकमेकांपासून लांब ठेवावे किंवा लोखंडाने जोडावे लागतात. शाळेतला नालाच्या आकाराचा चुंबक आणि त्याच्या तोंडावर ठेवायची लोखंडी पट्टी आठवा, ती याचसाठी. गाईच्या पोटातली कांडी लांबट असते ती गिळायला सोपी जावी एवढ्यासाठीच नाही. अल्निको बटणासारखा चपटा केला तर तो टिकणार नाही.

उष्णतेत मात्र अल्निकोच्या जवळपास येणारे थोडेच. सुमारे ८६० अंशांपर्यंत त्याचे चुंबकत्व नाहीसे होत नाही आणि पाचशे अंशांपर्यंत तो कामाला लावता येतो. साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचा दुबळा पडू लागतो. तापमान एका अंशाने वाढले की अल्निकोची ताकद फक्त ०.०२ टक्के घटते, निओडिमियमची त्याच्या पाचपट, आणि लाउडस्पीकरमधल्या काळ्या फेराइट चुंबकाची दहापट. शिवाय निओडिमियमला गंज फार लवकर धरतो, त्याला निकेलचा मुलामा द्यावा लागतो आणि मुलामा उडाला की भुगा होतो. अल्निकोवर मुलामा नसला तरी तो ओल्या, आंबूस पोटात वर्षानुवर्षे पडून राहतो.

मला आज तुमच्यापुढे ठामपणे मांडायचे आहे ते हेच. बाजारात चुंबक विकणारा ‘किती किलो उचलतो’ हे सांगतो. तो प्रश्न अपुरा आहे. कुठे ठेवायचा, किती वर्षे, किती उष्णतेत, कोणत्या आकारात, आणि त्याच्या शेजारी काय असणार, हे विचारल्याशिवाय चुंबक निवडू नये.

याचे एक उदाहरण तुमच्या घराच्या भिंतीवर होते. जुन्या वीजमीटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरायची. ती बेफाम फिरू नये म्हणून तिच्या कडेला चुंबकाचा ब्रेक असायचा, पुष्कळदा अल्निकोचा. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत आणि थंडीच्या पहाटे त्या ब्रेकची ताकद सारखीच राहायला हवी, तीही वीस-वीस वर्षे, कारण त्यावर बिल ठरायचे. हा ब्रेक दुबळा झाला तर चकती जास्त वेगाने फिरते आणि ग्राहकाचे बिल फुगते. तिथे जास्त ताकदीचा पण उन्हाने बदलणारा चुंबक निरुपयोगी होता. असे ओतीव अल्निको चुंबक बनवणारा उद्योग आपल्याच राज्यात उभा राहिला. १९६० साली स्थापन झालेल्या ‘पर्मनंट मॅग्नेट्स’ या कंपनीचा कारखाना मीरा रोडला आहे.

मग अल्निको मागे का पडला? लाउडस्पीकरच्या बाबतीत कारण कोबाल्ट. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टचा मोठा वाटा काँगो या एका देशातून येतो. त्या देशाचे नाव झैर होते तेव्हा, १९७८ मध्ये, तिथल्या खाणींच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि लाउडस्पीकर बनवणारे झपाट्याने स्वस्त फेराइटकडे वळले. मोटरींच्या बाबतीत १९८० च्या दशकात आलेल्या निओडिमियमने बाजी मारली. पण त्यालाही तसाच फास आहे, कारण निओडिमियम हा दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली आणि पुण्याजवळच्या वाहन कारखान्यांना घोर लागला. म्हणून जगभरातल्या प्रयोगशाळा अल्निकोकडे पुन्हा वळून पाहत आहेत. त्या सूक्ष्म कांड्या आणखी बारीक आणि आणखी सुट्या करता आल्या तर निग्राही बल वाढेल, असा त्यांचा प्रयत्न आहे.

गोठ्यात हे ज्ञान कसे वापरायचे, ते आता सांगतो. कांड्या डब्यात खुळखुळत ठेवू नका. सारखे ध्रुव एकमेकांवर दाबून बसले की अल्निको दुबळा होतो. एकीचा उत्तर ध्रुव दुसरीच्या दक्षिण ध्रुवाला लागेल अशा जोडीने ठेवा. मोठ्या मोटरजवळ नको, आपटणे नको. कांडी पशुवैद्यांकडूनच द्या. आदल्या रात्रीपासून चारा बंद ठेवायला ते सांगतात, ते पाळा. एका गाईला एकच कांडी पुरते. आधी दिलेली आहे का, हे तपासायला होकायंत्र पुरे. गाईच्या डाव्या बाजूला, पुढच्या कोपरामागे, छातीच्या खालच्या भागाजवळ ते हळू न्या. चांगल्या कांडीचे क्षेत्र वीतभर अंतरावरही पृथ्वीच्या क्षेत्राच्या दुपटीहून जास्त असते असा माझा हिशेब आहे, त्यामुळे आत कांडी असेल तर सुई वळलीच पाहिजे. मोबाइलमधले होकायंत्रही हे काम करते. कांडी दिली की तारीख आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक दूध संस्थेच्या वहीत लिहा, म्हणजे गाय विकली तरी घेणाऱ्याला खरे सांगता येईल.

कांडीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अ‍ॅल्युमिनियमची तार, तांब्याची तार, चांगल्या स्टेनलेस स्टीलची सुई ती धरत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांपुढे ती काहीच करू शकत नाही आणि आज कित्येक गाईंच्या पोटांत लोखंडापेक्षा प्लॅस्टिकच जास्त निघते. आरपार गेलेली तार ती मागे ओढेल याची खात्री नाही. त्यामुळे लोखंड दावणीपर्यंत पोहोचूच नये, ही पहिली तजवीज हवी. पशुखाद्याच्या कारखान्यांत आणि साखर कारखान्यांत माल यंत्रात पडण्यापूर्वीच चुंबक लावून लोखंड वेगळे काढतात. तेच आपल्या कडबाकुट्टीला करता येते, एक चुंबक कुट्टी बाहेर पडते त्या तोंडाशी आणि एक मुरघास भरताना. इथे अल्निको घेऊ नका. जागा सपाट आहे, उष्णता नाही, चुंबक वीतभर रुंद पट्टीसारखा लागतो, आणि चपटा अल्निको टिकत नाही हे आपण पाहिलेच. फेराइटच्या वड्या लोखंडी पट्टीवर ओळीने बसवून वरून पातळ स्टेनलेसचा पत्रा लावला की झाले. स्वस्त पडते, गंजत नाही, आणि कोणताही वेल्डर अर्ध्या दिवसात करून देईल. चारा पट्टीवरून पातळ थराने घसरत जायला हवा, जाड ढीग गेला तर वरची तार चुकते. रोज संध्याकाळी पत्रा पुसायचा आणि निघालेले लोखंड उकिरड्यावर न टाकता डब्यात साठवून भंगारवाल्याला द्यायचे, नाहीतर ते शेणखतातून पुन्हा शेतात आणि शेतातून वैरणीत येते.